लायब्ररीच्या पासवर म्युझियम आणि जुनी घरं: बॉस्टनच्या आसपास कसं जमवायचं?

श्रूजबरीकर

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे (श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स) येतायत. नायगारा आणि न्यूयॉर्क मागच्या खेपेला झालंय. दोघांना खरी आवड म्युझियमची आणि जुन्या घरांची. केळकर संग्रहालयात सकाळी शिरले की संध्याकाळी बाहेर पडतात असा प्रकार आहे. लायब्ररीतून म्युझियमचे पास मिळतात एवढं माहीत आहे, पण साइटवर गेलं की प्रत्येक पासाच्या अटी वेगळ्या दिसतात आणि डोकं चालेनासं होतं.

नेमकं विचारायचं ते असं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर, त्यांचं इथलं कार्ड नाही. माझ्या कार्डावर चालतं का? मोठी माणसं चार आणि मुलगी नऊ वर्षांची, एका पासात भागतं का? आमच्या गावात नसलेला पास शेजारच्या गावातून मिळतो का? किती दिवस आधी धरावा? आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात, तर जुन्या घरांपैकी कुठली झेपतील?

मिनिटमनवासी

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: चालतं. पास कार्डधारकाच्या नावावर धरला जातो, पण आत जाणारे कोण हे म्युझियम बघत नाही, फक्त डोकी मोजतं. काही ठिकाणी कार्डधारक गटात असावा अशी अट असते, तेव्हा तुम्ही किंवा तुमची बायको सोबत असलात की झालं. आई-बाबांना पासपोर्ट घेऊन फिरवायची गरज नाही.

मात्र पास म्हणजे फुकट तिकीट, हा समज आधी काढून टाका. लायब्ररी (बऱ्याचदा 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' ही स्वयंसेवकांची संस्था, जुन्या पुस्तकांच्या विक्रीच्या पैशांतून) म्युझियमचं वर्षाचं खास सभासदत्व विकत घेते आणि त्या बदल्यात दिवसाला एखाद-दुसरा पास मिळतो. अटी ठरवतं म्युझियम. म्हणून तारखेवर क्लिक करण्याआधी पासाच्या वर्णनातल्या तीन गोष्टी वाचा: किती माणसं, किती सवलत, आणि कशाकशाला लागू.

माणसं: कुठे दोन मोठी, कुठे चार, कुठे 'दोन मोठी आणि १८ वर्षांखालची मुलं'. तुमच्यासारख्या चार मोठ्यांच्या घराला हा तिसरा प्रकार अर्धाच पुरतो.

सवलत: छोट्या संस्था आणि ऐतिहासिक घरं बऱ्याचदा पूर्ण मोफत सोडतात. मोठ्या म्युझियममध्ये डोक्यामागे काही डॉलर भरावे लागतातच. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सचं मूळ तिकीट २५ डॉलरच्या पुढे आहे, त्यामुळे सवलतसुद्धा घसघशीत वाटते. ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज तुमच्या श्रूजबरीहून जवळ. तिथला पास साधारण अर्ध्या तिकिटाचा असतो.

कशाला लागू: म्युझियम ऑफ सायन्सच्या पासात फक्त प्रदर्शनाची दालनं. प्लॅनेटेरियम आणि घुमटातला सिनेमा यांचे पैसे वेगळे. कलासंग्रहालयांत खास प्रदर्शनाला जादा तिकीट असू शकतं. पार्किंग तर जवळपास कुठल्याच पासात नसतं आणि बॉस्टनमध्ये ते एका माणसाच्या तिकिटाएवढं सहज होतं.

आता पासाचे प्रकार. सगळ्यात सोपा ई-पास: तारीख आणि बारकोड घातलेली पीडीएफ येते, छापा किंवा फोनवर दाखवा, परत करायचं काही नाही. तो त्याच तारखेला चालतो, दुसऱ्या दिवशी तो नुसता कागद. दुसरा प्रकार प्रोमो कोडचा: लायब्ररी कोड देते, तो म्युझियमच्या साइटवर टाकून तुम्ही वेळेचं तिकीट काढायचं. तिसरा जुना, खराखुरा पास: प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड लायब्ररीतून न्यायचं आणि परत आणायचं. यात बहुतेकांची फजिती होते, पण त्याबद्दल काउंटरवर बसणाऱ्यांनी सांगितलेलं बरं.

कोडवाल्या पासाला क्रम महत्त्वाचा. आधी म्युझियमच्या साइटवर जाऊन हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळेला जागा आहे का ते बघा. असेल तर दुसऱ्या टॅबमध्ये पास धरा. कोड आला की लगेच तिकीट काढा. उलटं केलं तर पास हातात आणि दिवसभराच्या वेळा भरलेल्या, अशी अवस्था होते. गार्डनर म्युझियम आणि न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियम इथे उन्हाळ्यातल्या शनिवारी हे हमखास घडतं.

पास धरायची तारीख साधारण एक-दोन महिने आधी खुली होते, लायब्ररीगणिक आकडा वेगळा. काही ठिकाणी नवी तारीख रात्री बाराला उघडते. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार, फेब्रुवारी आणि एप्रिलच्या शाळेच्या सुट्ट्या आणि पावसाचा अंदाज असलेले दिवस आधी जातात. मंगळवार ते गुरुवार बहुतेक पास आदल्या आठवड्यातही पडून असतात. आई-बाबा निवृत्त आहेत, तुमच्यापैकी एकाला मधल्या वारी सुट्टी काढता आली तर अर्धे प्रश्न सुटतात. फक्त बंद वार पाहा. गार्डनर आणि फाइन आर्ट्स दोन्ही मंगळवारी बंद असतात.

काउंटरपलीकडून

वर बरंच आलंय. लायब्ररीच्या बाजूने काय अडतं ते सांगते.

शेजारच्या गावाच्या पासाबद्दल: मॅसॅच्युसेट्समध्ये लायब्ऱ्यांची जाळी आहेत. तुमची श्रूजबरी सी/डब्ल्यू मार्समध्ये, केंब्रिज-लेक्झिंग्टन-नेटिक मिनिटमनमध्ये, वेस्टफर्ड-चेम्सफर्ड मेरिमॅक व्हॅलीमध्ये. पुस्तकं जाळ्यातल्या कुठल्याही गावातून मागवता येतात, त्यामुळे लोकांना वाटतं पासही तसेच. तसं नाही. पास त्या त्या गावाच्या पैशांतून येतो, म्हणून नियमही त्या गावाचा. काही लायब्ऱ्या फक्त रहिवाशांना देतात. काही जाळ्यातल्या कुणालाही देतात, पण रहिवाशांना तारीख आधी खुली होते आणि बाकीच्यांना उरलेली. हे साइटवर कोपऱ्यात लिहिलेलं असतं. सापडलं नाही तर फोन करा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

दुसऱ्या जाळ्यातल्या लायब्ररीत जायचं असेल तर तुमचं आहे तेच कार्ड घेऊन जा. ते त्यांच्या यंत्रणेत नोंदवून घेतात. राज्याचा पत्ता असलेला ओळखपुरावा लागतो: ड्रायव्हिंग लायसन्स, नाहीतर पासपोर्ट आणि सोबत घरभाड्याचा करार किंवा विजेचं बिल. नवीन राहायला आलेल्यांच्या लायसन्सवर जुना पत्ता असतो आणि तिथेच अडतं, म्हणून बिल बरोबर ठेवा. बॉस्टन पब्लिक लायब्ररीचं कार्ड राज्यातल्या कुठल्याही रहिवाशाला मिळतं. प्रत्यक्ष जाऊन खरं कार्ड घ्या. नुसत्या ऑनलाइन कार्डावर ई-पुस्तकं मिळतात, पास मिळेलच असं नाही.

साइटवर पास धरताना 'अपात्र' असं काही आलं तर नव्वद टक्के वेळा तीन कारणं: कार्डाची मुदत संपली आहे (पत्ता पुन्हा पडताळायला कार्डं ठरावीक काळाने संपतात), दंड किंवा हरवलेलं पुस्तक खात्यावर आहे, किंवा त्याच म्युझियमचा पास तुम्ही नुकताच वापरला आहे. एका घराला दिवसाला एक पास, एकाच म्युझियमचा महिन्यातून एक, असे नियम बऱ्याच ठिकाणी असतात. आई-बाबा यायच्या आधीच मे महिन्यात कार्डाची मुदत बघून घ्या.

आता तो खराखुरा पास. तो ठरल्या दिवशी सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी न्यायचा असतो आणि लायब्ररी बंद व्हायच्या आत, नाहीतर दुसऱ्या दिवशी उघडायच्या आत परत करायचा असतो, कारण दुसरं कुटुंब त्यासाठी थांबलेलं असतं. म्हणून उशिराचा दंड पुस्तकाच्या दंडापेक्षा कितीतरी जास्त असतो, कुठे दिवसाला ५ डॉलर तर कुठे १०, आणि हरवला तर पासाची पूर्ण किंमत. पुस्तकांच्या पेटीत टाकायचा की हातात द्यायचा हे विचारून घ्या. काही ठिकाणी पेटीत टाकलेला पास 'परत आला' असं धरत नाहीत. आणि उन्हाळ्यात कितीतरी लायब्ऱ्या रविवारी बंद आणि शनिवारी अर्धा दिवस असतात. रविवारचा पास म्हणजे शनिवारी दुपारी एकच्या आत उचलायचा, हे लक्षात राहत नाही.

एक विनंती. जाणं रद्द झालं तर पासही रद्द करा. इतकेजण करत नाहीत की काही लायब्ऱ्यांनी दोन-तीनदा न वापरलेल्या पासानंतर कार्ड काही महिने बंद ठेवायला सुरुवात केली आहे.

श्रूजबरीकर

दोघांनाही खूप धन्यवाद. बायकोचं कार्ड वेगळ्या गावात (ऑफिसजवळ) काढून त्याच म्युझियमचा दुसरा पास घेतला तर चार मोठी माणसं बसतील ना?

मिनिटमनवासी

दारावर दोन पास एका गटाला चालतात का हे म्युझियमवर आहे. 'इतर सवलतीसोबत वापरता येणार नाही' असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एकाच तिकिटावर दोन सवलती नकोत इतकाच. दोन कार्डं, दोन पास, दोन-दोन माणसं असं वेगळं तिकीट काढलं तर सहसा अडवत नाहीत. वेळेचं तिकीट असेल तर दोन्ही एकाच वेळेची घ्या.

पण हिशेब करून बघा. गार्डनरमध्ये १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही. ज्येष्ठांना सगळीकडे थोडी सवलत असते, तिला इथला रहिवासी असावं लागत नाही. कधी कधी दोघांना पास आणि आई-बाबांना ज्येष्ठांचं तिकीट एवढंच पुरतं, आणि दुसऱ्या पासासाठी दोन गावांतून गाडी फिरवायचं पेट्रोल वाचतं.

हिशेबी

जरा वेगळा सूर लावतो. पास ही मर्यादित वस्तू आहे, ती जिथे तिकीट महाग आहे तिथेच खर्च करा.

हार्वर्डची कलासंग्रहालयं जून २०२३ पासून सगळ्यांना मोफत आहेत. पास शोधत बसू नका. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, सोमवारी बंद. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर लाँगफेलो हाऊस, कवी लाँगफेलोचं घर. १७७५-७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचं मुख्यालय या घरात होतं. आता ते राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि बघायला पैसे लागत नाहीत, फक्त आतली फेरी उन्हाळी हंगामातच असते. ब्रिटिश सैन्य येतंय ही खबर रातोरात घोड्यावरून देणाऱ्या पॉल रिव्हिअरचं बॉस्टनच्या नॉर्थ एंडमधलं घर १६८० च्या सुमाराचं, तिकीट किरकोळ. त्यासाठी पास धरणं म्हणजे पास वाया.

काचेची फुलं आई-बाबांना दाखवाच. हार्वर्डच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ब्लाश्का बापलेकांनी १८८७ ते १९३६ या काळात केलेले चार हजारांहून जास्त काचेचे नमुने आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी बनवलेले. आंब्याचा मोहर चष्म्यातून बघणाऱ्या पिढीला यातलं काम कळतं. रविवारी सकाळी ९ ते १२ राज्याच्या रहिवाशांना मोफत, पण पत्त्याचा पुरावा लागतो आणि आई-बाबा त्यात बसत नाहीत. तुम्ही रहिवासी म्हणून, ते तिकिटावर.

लोवेलला बूट कॉटन मिल्स म्युझियम आहे. १८३५ च्या सुमारास सुरू झालेली सूतगिरणी, आणि तळमजल्यावरचे माग आजही चालवून दाखवतात. बाबा किंवा त्यांच्या ओळखीतलं कुणी गिरणीत असेल तर इथून लवकर निघणार नाहीत. आवाज खरा आहे. दारात कानात घालायचे बोळे मिळतात ते घ्या, आणि कानाचं यंत्र वापरत असतील तर आवाज कमी करून घ्या.

आणि म्युझियम नसलेला एक पास: राज्याच्या उद्यानांचा पार्किंग पास. तो गाडीत दर्शनी ठेवायचा. वॉल्डन पाँडला इथल्या नंबर प्लेटला ८ डॉलर आणि बाहेरच्या राज्याच्या गाडीला ३० डॉलर पार्किंग आहे. आई-बाबांसाठी मोठी गाडी भाड्याने घेतलीत आणि तिच्यावर न्यू हॅम्पशरची पाटी निघाली तर हा पास एका फेरीत वसूल. मात्र पार्किंग भरलं की दरवाजा बंद होतो, पास असला तरी. जुलैत सकाळी लवकर पोचा. १८४६-४७ च्या हिवाळ्यात बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरच्या माणसांनी या तळ्यातला बर्फ कापून नेला होता. हाच ट्यूडर १८३३ मध्ये कलकत्त्याला जहाजाने बर्फ पाठवत होता आणि मग मुंबई-मद्रासलाही. फोर्टमधल्या पारशी मेजवान्यांत पोचलेलं आइस्क्रीम या धंद्याच्या जोरावर.

खाडीपलीकडे

मुंबईचा विषय निघालाच आहे तर सेलम (बॉस्टनच्या उत्तरेचं बंदराचं गाव, १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे प्रसिद्ध). मराठी माणसासाठी बॉस्टनच्या परिसरातलं सगळ्यात जवळचं म्युझियम मला पीबॉडी एसेक्स वाटतं, आणि लोक चेटकिणींच्या दुकानांत फिरून परत येतात.

१७९९ मध्ये इथल्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. सभासद व्हायला केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नच्या पलीकडे जहाज घेऊन जाऊन आलेलं असावं लागे, कप्तान म्हणून किंवा मालाचा जबाबदार म्हणून. त्यांनी परत येताना आणलेल्या वस्तूंतून हे म्युझियम उभं राहिलं. १८२५ चा त्यांचा सभागृहाचा भाग अजून आहे. हिंदुस्थानातल्या व्यापाऱ्यांशी त्यांचे घनिष्ठ संबंध होते आणि मुंबईच्या नसरवानजी माणेकजी या पारशी व्यापाऱ्याचं चित्र इथल्या संग्रहात आहे. दुसरा मोठा भाग म्हणजे वूस्टरच्या चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ यांनी जमवलेली आधुनिक भारतीय चित्रकला. हुसेन (पंढरपूरचे) यांची चित्रं त्यात आहेत. सगळं एका वेळी भिंतीवर नसतं, दालनं बदलतात. आई-बाबांना हेच दाखवायचं असेल तर आधी ईमेल करून सध्या काय लावलंय ते विचारा, उत्तर देतात.

तिथलं यिन यू तांग चुकवू नका. चीनच्या हुइझोऊ भागातलं हुआंग घराण्याचं अख्खं घर सुटं करून आणलं आणि पुन्हा जोडलं, २००३ पासून खुलं आहे. मधोमध आकाशाला उघडा चौक, भोवती लाकडी मजले. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या चौसोपी वाड्यात वाढलेल्याला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. आत एकावेळी मोजकी माणसं सोडतात, म्हणून वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि तुमच्या पासात ते धरलंय का हे दारावर पहिल्यांदा विचारा. बारानंतर त्या दिवसाच्या वेळा संपू शकतात. उंबरे उंच आहेत, हात धरायला माणूस हवा. खालचा मजला आणि चौक बघून बाहेर आलं तरी पैसे वसूल.

त्याच गावात समुद्राकाठी हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स, १६६८ चं. पास काही लायब्ऱ्या ठेवतात. छत बुटकं, आणि चिमणीच्या आतून वर जाणारा चोरजिना फार अरुंद आणि चढा. गुडघ्यांची तक्रार असेल तर सुरुवातीलाच मार्गदर्शकाला सांगा, जिना टाळून वर जाता येतं का ते तो सांगेल. बाग आणि समुद्राकडची बाजू सपाट आहे.

गाडी नेऊ नका. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून कम्यूटर रेलने अर्धा तास, आणि शनिवार-रविवारी १० डॉलरच्या तिकिटात दिवसभर कुठेही फिरता येतं. स्टेशनपासून पीबॉडी एसेक्स चालत दहा-बारा मिनिटं. ऑक्टोबरमध्ये गावात पाय ठेवायला जागा नसते. आई-बाबा सप्टेंबरला परत जातायत ते बरंच आहे.

उंबरठा

जुन्या घरांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, आणि गुडघ्यांचा प्रश्न तिथलाच आहे.

म्युझियम आणि ऐतिहासिक घर यांत व्यवहाराचा मोठा फरक असा की घरात तुम्ही आपले आपण फिरत नाही. ठरलेल्या वेळी फेरी निघते, दहा-बारा माणसं, पाऊण ते एक तास, बहुतेक वेळ उभ्याने. खुर्च्या आहेत पण त्या प्रदर्शनातल्या. लिफ्ट बसवायची तर मूळ तुळया आणि भिंती कापाव्या लागतात, म्हणून ती नसते. एसीही बऱ्याच घरांत नसतो. जुलैच्या दुपारी वरच्या मजल्यावर पुण्याच्या मे महिन्याची आठवण होते. दिवसाची पहिली फेरी घ्या. आणि फेरी धरताना फोनवर हे विचारा: जिन्याला कठडा दोन्ही बाजूंना आहे का, फेरीत घडीचं स्टूल मिळेल का, वर न येणाऱ्यांसाठी खोल्यांचे फोटो आहेत का, आणि शौचालय घरात आहे की अंगणापलीकडे. शेवटचा प्रश्न लोक विचारायला लाजतात आणि मग अर्ध्या फेरीतून बाहेर पडतात.

पास असला तरी फेरीची जागा वेगळी धरावी लागते. हे न केल्यामुळे सगळ्यात जास्त माणसं दारातून परत जातात. साइटवर धरताना 'सभासद' किंवा 'लायब्ररी पास' असा पर्याय निवडा, रक्कम शून्य किंवा कमी झालेली दिसेल आणि पास तिथे पोचल्यावर दाखवायचा. असा पर्याय दिसलाच नाही तर पूर्ण पैसे भरू नका, फोन करा. भरलेले पैसे नंतर परत मिळणं कठीण.

हिस्टॉरिक न्यू इंग्लंड या संस्थेचा पास मिळाला तर सोडू नका. संस्था १९१० ची, पाच राज्यांत तिची घरं आहेत. बहुतेक घरं जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी, तीही आठवड्यातले ठरावीकच दिवस. त्यातलं लिंकन गावातलं ग्रोपियस हाऊस गुडघ्यांच्या दृष्टीने सोपं. बाउहाउस या जर्मन कला-वास्तुशाळेचा संस्थापक वॉल्टर ग्रोपियस याने १९३८ मध्ये स्वतःसाठी बांधलेलं. लहान, उजेडाचं, आत एक वळणदार जिना. 'जुनं घर' म्हणून मनात जे असतं त्याच्या नेमकं उलट, त्यामुळे आईंना पहिली पाच मिनिटं यात काय बघायचं असा प्रश्न पडेल. फर्निचर, दिवे, कपाटं सगळं त्यांचंच आहे, आणि मार्गदर्शक बोलायला लागला की प्रश्न मिटतो. बस-रेल्वे दारापर्यंत नाही, गाडीच लागते. बॉस्टनमधलं १७९६ चं ओटिस हाऊस याच संस्थेचं. ते चार्ल्स बुलफिंचच्या आराखड्याचं, रुंद जिना, आणि मेट्रोने जाता येतं.

कॉनकॉर्डला 'लिटल विमेन' लिहिणाऱ्या लुइझा मे ऑल्कटच्या कुटुंबाचं ऑर्चर्ड हाऊस आणि नॉर्थ ब्रिजशेजारचं ओल्ड मॅन्स, दोन्ही फेरीनेच. ओल्ड मॅन्स १७७० चं, आणि १९ एप्रिल १७७५ ची चकमक (अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात) त्याच्या मागच्या शेतापलीकडे झाली. दोन्ही एका दिवशी करायची तर मध्ये दोन तास ठेवा आणि त्या वेळात कॉनकॉर्ड म्युझियम. ते सपाट, थंड, आणि पॉल रिव्हिअरच्या सांगण्यावरून चर्चच्या मनोऱ्यात लावलेल्या दोन कंदिलांपैकी एक तिथे आहे. तीन घरं एका दिवसात कुणी सुचवली तर ऐकू नका.

गार्डनरबद्दल थोडं. ते नावाला म्युझियम असलं तरी खरं घरच आहे. इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर या बाईंनी १९०३ मध्ये उघडलं आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मांडणी बदलायची नाही. म्हणून चित्रांशेजारी नावाच्या पट्ट्या नाहीत, उजेड मंद, आणि १८ मार्च १९९० च्या चोरीत गेलेल्या १३ वस्तूंपैकी कापून नेलेल्या चित्रांच्या चौकटी रिकाम्याच टांगलेल्या. प्रत्येक खोलीत माहितीचे कागद असतात, ते हातात घ्या, नाहीतर आई-बाबा नुसतेच फिरतील. इथे लिफ्ट आहे. पाठीवरची पिशवी खाली जमा करावी लागते, औषधं आणि चष्मा आधी खिशात काढून ठेवा.

सगळ्या घरांना लागू: टोकदार टाचेचे बूट नकोत (पाइनच्या फळ्यांवर खड्डे पडतात), छत्री आत नाही, आणि फ्लॅश तर कुठेच नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला आधी सांगा की मखमली दोरीच्या आत हात घालायचा नाही. गजर वाजतो.

एडिसनची वडी

आम्ही न्यू जर्सीवाले हे वाचून जळतो. इथेही लायब्ऱ्या पास ठेवतात, पण बहुतेक गावं फक्त आपल्या रहिवाशांना देतात, त्यामुळे दुसऱ्या गावचं कार्ड काढून फार काही हाती लागत नाही. प्रिन्स्टनच्या मॉर्व्हनसारखी घरं मिळतात, ते स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या रिचर्ड स्टॉक्टनचं. न्यूयॉर्क शहराचा २०१८ पासून 'कल्चर पास' आहे. तो तिथल्या तीन लायब्ररी यंत्रणांच्या कार्डावर, वय १३ पासून पुढे, आणि एका संस्थेचा पास वर्षातून एकदाच. न्यू जर्सीच्या कार्डावर मिळत नाही.

श्रूजबरीकरांना एक सुचवते, पास न लागणारं. आई-बाबांना आनंदीबाई जोशींबद्दल आस्था असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या रूरल सेमेटरीत त्यांचं स्मारक आहे. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, आणि त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाने आपल्या जागेत ठेवल्या. आवार मोठं आहे, कार्यालयातून नकाशा घ्या, कार्यालय शनिवार-रविवारी बंद असू शकतं म्हणून आधी फोन. शेजारीच लोकस्ट ग्रोव्ह आहे, तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सचं १८४७ पासूनचं घर. तिथे फेरी धरून जाता येतं. श्रूजबरीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, पण घाई होते. रात्र तिथे काढलीत तर दुसऱ्या दिवशी हाइड पार्कला फ्रँकलिन रूझवेल्टचं घर जवळच.

श्रूजबरीकर

पोकिप्सीचं माहीतच नव्हतं, आईला सांगतो. ग्रोपियस आणि पीबॉडी एसेक्स ठरवून टाकलं. एकच शंका: लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लाँग वीकेंडला रविवारचा खरा (प्लास्टिकवाला) पास दिसतोय. तो घ्यावा का?

काउंटरपलीकडून

आधी लायब्ररीला फोन करा. त्या वीकेंडला कितीतरी लायब्ऱ्या शनिवार ते सोमवार सलग बंद असतात. मग रविवारचा पास शुक्रवारी संध्याकाळीच न्यावा लागतो आणि परत मंगळवारी सकाळी. काही लायब्ऱ्या तीन दिवस एकाच कुटुंबाला देतात, काही त्या तारखा धरूच देत नाहीत आणि साइटवर मात्र हिरवं दिसत राहतं. शुक्रवारी काउंटर पाचला बंद होत असेल तर ऑफिसमधून पोचणार का ते बघा. त्याच म्युझियमचा ई-पास बायकोच्या गावात असेल तर तो घेतलेला जास्त बरा.